गयाबाईचे हात

गयाबाई पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. तुम्ही दारात उभं राहून घसा फोडा, ती चुलीपाशी बसून तुमच्याकडे बघत असायची, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्यांदा नाव घेतलं की मग, "आली वो बाई, आली!"

माझी नवीन नोकरी होती. मेडशीच्या पलीकडे, एसटी जिथून वळून परत फिरते त्या गावातल्या उपकेंद्रावर मला नर्स म्हणून पाठवलं होतं. मी रिसोडच्या बाजारपेठेत वाढलेली. खेड्याची सवय नाही आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच आठवड्यात गावच्या दाईला भेटावं म्हणून गेले, दोन हाका मारल्या, तर बाई आतून टकमक बघतेय. मी उखडलेच. "अहो गयाबाई, बहिऱ्या आहात का?" ती हसत उठली. पदराला हात पुसत म्हणाली, "बहिरी नाई जी. पन या घरात पह्यल्या हाकीले ओ देत नाईत. कोन हाक मारून राह्यलं, ते समजत नाई ना."

कोण, म्हणजे सारजा. तिची गोष्ट गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. गयाबाईच्या सासऱ्याच्या आज्याच्या काळातली ही या घरची सून. ज्वारीची सोंगणी चाललेली, घरचे सगळे वावरात आणि ही भरल्या दिवसांची बाई घरी एकटी. कळा सुरू झाल्या तेव्हा तिने दोन हाका मारल्या. वावरापर्यंत त्या ऐकूही आल्या म्हणे, पण सासू म्हणाली, नखरे करते, तुम्ही हात चालवा. तिसरी हाक आलीच नाही. तेव्हापासून सारजा चुडैल होऊन त्या घरावर बसली. थोरल्या मुलाचं पहिलं लेकरू ती ठेवत नाही, आणि घरातल्या बाईला नावाने हाक मारते, पण दोनदाच. तिसरी हाक आली तर समजायचं, जिवंत माणूस आहे. गावात त्या घराला सारजाचं घर असंच म्हणत.

मी शिकलेली बाई. रक्त कमी असेल, धनुर्वात झाला असेल, अशी कारणं मनातल्या मनात लावत ऐकत होते. पण गयाबाईचं स्वतःचं पहिलं लेकरू दोन दिवसांत गेलं होतं. तिच्या सासूचंही गेलं होतं. तिच्यासमोर ती कारणं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गंमत म्हणजे तिचा सारजावर राग नव्हता. घरात बाळंतपण झालं की पाचवीला सटवाई पुजतात, ती सगळेच पुजतात. या घरात दिवेलागणीला मागच्या दाराशी आणखी एक ताट मांडायचे. मऊ भात, तूप, डिंकाचा लाडू, वाटीत अंगाला लावायचं तेल. बाळंतिणीला जे जे द्यायचं, ते सगळं. गयाबाई ताट ठेवताना दटावल्यासारखं बोलायची, "घे माय, खाय. तुले कोनं देल्लं नाई, आमी देतो. पन लेकराकडं पाहू नको, सांगून ठेवतो." मला हसू यायचं.

तिचे हात मोठे होते, बोटं जाड, नखं नेहमी कापलेली. कुठेही बाळंतपणाला गेली की आधी चुलीसमोर बसून हात शेकायची. बाई आत कळांनी तळमळतेय आणि ही निवांत हात शेकतेय, हे बघून पहिल्या वेळी मी चिडले होते. ती म्हणाली, "थंडा हात पोटाले लावू नये बाई. आतल्याले वाटते, दुनिया अशीच हाय." पुढे तीस वर्षांत मी एकाही बाईच्या पोटाला थंड हात लावला नाही. तसं हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

माझ्या हातून झालेल्या पहिल्या बाळंतपणात लेकरू लवकर रडेना, तर मी त्याला धरून नुसती बघत राहिले. गयाबाईने माझं मनगट धरलं, लेकराचं तोंड पुसून घेतलं, पाठ चोळली, ते रडलं. आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "सिस्टरबाईनं वाचवलं हो!" ते श्रेय मी गपचूप खिशात घातलं. तिच्या बाबतीत गप्प बसायची सवय मला तेव्हापासूनच लागली असावी.

त्याच गावात माझी वीस-बावीस वर्षं गेली, माझी लेकही मोठी झाली. मग गयाबाईची सून सुनीता गरोदर राहिली. थोरल्या मुलाचं, विलासचं, पहिलं लेकरू. आठव्या महिन्यात सुनीताचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, रक्तदाब पाहिला तर फारच वाढलेला. मी म्हटलं, आजच्या आज वाशिमला मोठ्या दवाखान्यात न्या. घरातलं कोणी हलेना. गयाबाई तर दाराशी आडवीच झाली. "नाला वलांडून गेलेली या घरची बाळंतीन वापस आली नाई. मी हावो ना इथं." मी समजावलं, ओरडले, हातसुद्धा जोडले. ती म्हणाली, "बाई, तुमचं सारं आयकलं आजपर्यंत. हे नोका सांगू."

चांगल्या शब्दांनी होईना, तेव्हा मी वाईट शब्द शोधले. विलासला उपकेंद्रात बोलावलं, दार लोटलं आणि तोंड गंभीर करून म्हटलं, "विलास, एक सांगते, कुठे बोलू नकोस. मी जाणत्या लोकांकडून ऐकलंय. सारजा येते ती दाईच्या हातातून. तुझ्या आईचे हात तिच्या ओळखीचे आहेत, लेकरू त्या हातात पडलं की तिला सापडतं. परक्या हातात पडलं, तर तिला पत्ताच लागत नाही."

पोरगा पांढराफटक पडला. "सिस्टरबाई, तुमी सांगता म्हंजे..."

"मी सांगते म्हणजे खरंच असणार ना," मी म्हटलं. देवाशपथ, याच शब्दांत म्हटलं.

तासाभरात जीप आली. दवाखान्यात सुनीताचं पोट कापून मुलगी काढली. आई वाचली, लेक वाचली. त्या घरात तीन पिढ्यांनी पहिलं लेकरू जगलं. मी खूश! तालुक्याच्या बैठकीत चहा पिताना मी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळ्या जणी हसल्या. एकीने तर म्हटलं, "बाई, तुमच्या डोक्याला मानलं." मला तेव्हा खरंच वाटलं, की मी फार हुशार आहे.

कुठे बोलू नकोस असं ज्याला सांगितलं, त्याने काय केलं असेल ते सांगायला नको. महिन्याभरात गावभर झालं. गयाबाईच्या हातात सारजा आहे, सिस्टरबाईनंच सांगितलं. मी नसतं सांगितलं, तर कोणी मानलंही नसतं. दुसरं कोणी दाईविरुद्ध बोललं असतं, तर लोकांनी दाईचंच ऐकलं असतं, पण सुई टोचणाऱ्या शिकलेल्या बाईने चुडैल मान्य केली म्हटल्यावर राहिलंच काय? सगळी बाळंतपणं दवाखान्यात जायला लागली. वरून माझं कौतुक झालं. आणि ज्या बाईने अर्ध्या गावाची नाळ कापली, ती समोरून आली की बाया लेकराच्या तोंडावर पदर ओढायला लागल्या.

नातीचं बारसं दोन महिन्यांनी झालं, तेव्हा मी गेले होते. पाळण्याभोवती बायांची गर्दी, गाणी चाललेली. गयाबाई अंगणात गोठ्यापाशी बसून मुरमुरे पाखडत होती. तिची खाटही तिकडेच हलवली होती. "आईले तिथं हवा चांगली लागते," विलास माझ्याकडे न बघता म्हणाला. मी पाळण्याची दोरी ओढली, बाळाच्या हातावर शकुनाचे पैसे ठेवले आणि जेवून निघाले. त्याच वेळी उभं राहून सांगायला हवं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, की आता खोटं होतं म्हणून सांगितलं तर उद्या बाया दवाखान्यात जायच्या थांबतील. सबब चांगली होती. अजूनही कधी कधी ती मला खरी वाटते, इतकी चांगली होती.

त्यानंतर काही महिने मी तिच्याकडे फिरकले नाही. एकदा गोठ्यावरून जाताना राहवलं नाही, म्हणून हाक मारली, "गयाबाई!"

"या ना बाई."

पहिल्याच हाकेला! मी चरकले. म्हटलं, "आज लगेच ओ दिली?"

"आता कायले भेऊ?" ती म्हणाली. "आता तं मीच सारजा हावो."

मी खाटेवर बसले. तिने पाणी दिलं. खूप वेळ आम्ही दोघी सोयाबीनच्या वावरातलं गवत, नातीला आलेले दोन दात असलंच काहीबाही बोलत राहिलो. मग तिने विचारलं, "बाई, तुमी खरंच मानता का ते हाताचं? का सांगाचं म्हनून सांगतलं?"

"सांगायचं म्हणून सांगितलं," मी म्हटलं. "सुनीता वाचावी म्हणून."

"वाचली ना? मंग झालं. माह्याच डोक्यात भेव बसलं होतं, तुमी नसत्या तं मी पोरीले मारलंच असतं." थोडं थांबून म्हणाली, "पन एकडाव लोकाईले सांगा न बाई, का ते खोटं व्हतं. नात घेतो म्हनलं तं सून देत नाई. तिचं बी बरोबर हाय. तुमी सांगतलं तं देईन."

"सांगते," मी म्हटलं. "येत्या लसीकरणाला सगळ्या बाया असतात, तेव्हा सांगते."

लसीकरण झालं. पुढचंही झालं. कधी बैठक होती, कधी साहेब आले होते, कधी तोंडच उघडलं नाही. मग माझी बदली झाली आणि सुटका झाल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

चार वर्षांनी माझी लेक बाळंतपणाला वाशिमला माझ्याकडे आली. नातू झाला. पंधराव्या दिवशी दुपारी दारात हाक, "सिस्टरबाई!" गयाबाई. मेडशीहून उभ्याने एसटीत आली होती. जुन्या लुगड्यांचं शिवलेलं दुपटं आणलं होतं, इतकं मऊ की काय सांगू. तिने ते माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. "पाहू द्या न नातू," म्हणाली. पाहू द्या म्हणाली, घेऊ द्या नाही.

नातू आतल्या खोलीत जागा होता. मी उठले, खोलीच्या दारापर्यंत गेले आणि पडदा सारखा केला. का केला? ज्या बाईने ते भूत स्वतःच्या तोंडाने बनवलं, तिलाच त्या भुताची भीती वाटली! माझा नातू, माझं पहिलं नातवंड, आणि कोण जाणे, कशाला उगाच... एवढंच मनात आलं. मी म्हटलं, "आत्ताच झोपलाय हो."

तेवढ्यात आतून तो रडला. चांगला खणखणीत.

गयाबाईने माझ्याकडे बघितलं. "झोपू द्या," म्हणाली. चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि साडेतीनची गाडी सापडते म्हणून निघाली. तिच्या मागे धावायला हवं होतं मी. मी खिडकीतून बघत राहिले.

ती पुढच्या उन्हाळ्यात गेली. मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी गेले नाही. दोन वर्षांनी सुनीताला मुलगा झाला, तेव्हा विलासचा फोन आला, "सिस्टरबाई, पाचवीले तुमी पाह्यजेच." मी निवृत्त झाले होते. या वेळी मात्र ठरवून गेले, की सगळ्यांसमोर सांगायचं.

दिवेलागण झाली होती. सटवाईची पूजा आटोपली. सुनीता आतून ताट घेऊन आली, मागच्या दाराशी ठेवलं. मग आणखी एक ताट आणलं. भात, तूप, लाडू, तेलाची वाटी.

"हे दुसरं कोणाचं?" मी विचारलं.

"आत्याबाईचं," सुनीता म्हणाली. "लेकराची आस राह्यली ना जी त्याईची. भेव वाटते."

मी तिथेच, सगळ्या बायांसमोर बोलले. म्हटलं, तुझ्या सासूच्या हातात काही नव्हतं, ते मी खोटं सांगितलं होतं, तू दवाखान्यात जावंस म्हणून. सगळं सांगितलं, रडत सांगितलं. मग एक म्हातारी म्हणाली, "सिस्टरबाई मोठ्या मनाच्या. गेलेल्या मानसाले कोन वाईट म्हनते?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. सुनीताने माझे डोळे पुसले आणि ते दुसरं ताट माझ्या हातात दिलं.

"तुमीच मांडा बाई," ती म्हणाली. "तुमच्यावर जीव व्हता त्याईचा. तुमच्या हातचं घेतीन. आन सांगा, लेकराकडं पाहू नोका म्हना."

आणि मी ते मांडलं.