चर्चच्या भिंतीतली वाळू

स्योंबुआ लेकीचं बाळंतपण उरकून मोंबासाहून परतली आणि घरीही न जाता नदीवर गेली. नदीत खड्डे पडले होते. ट्रकच्या चाकांच्या खुणा थेट बंधाऱ्यापर्यंत गेल्या होत्या.

कितुईकडच्या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्याच दिसतात. पाणी असतं ते वाळूच्या पोटात. म्हणून तर बंधारा वाळू अडवण्यासाठी बांधायचा. शहरातल्या एका संस्थेनं सिमेंट दिलं; दगड गावच्या महिला गटातल्या बायकांनी डोक्यावरून वाहिले. सगळ्यांत पुढे स्योंबुआ, आणि सगळ्यांत जास्त शिव्याही तिच्याच. "दगड आहे की बाळ? टाक ना खाली!" असं ती ओरडायची. पण पुरानं वाळू साठल्यापासून, पावसाआधीच्या कोरड्या सप्टेंबरातही झिरा खणला की हाताला पाणी लागायचं. काठावर बायकांचे कांदे उभे राहिले, बाजारात जाऊ लागले.

आता तीच वाळू चर्चच्या अंगणात ढिगानं पडली होती.

"तू नव्हतीस, मुतुआची आई," शेजारीण काटुंगे स्योंबुआला म्हणाली. "पाद्रीबाबांनी मागितली. देवाचं घर बांधायचंय, नाही कसं म्हणणार?"

"तोंडानं म्हणतात नाही! तुझ्या तोंडात काय वाळू भरली होती?"

पाद्री मुसेम्बींनी तिला शांतपणे समजावलं, "वाळू देवाची आहे, बाई. पुढच्या पुरात पुन्हा येईल."

"येईल ना. तोवर तहान काय देवाकडे गहाण ठेवू?"

रविवारी प्रार्थनेनंतर नेहमीप्रमाणे दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव झाला; पैसे चर्चला. कोंबडी गेली, भोपळे गेले. मग स्योंबुआनं आणलेला पिवळा कॅन पुढे आला. लिलाव पुकारणारा म्हातारा थट्टेत म्हणाला, "यात काय गं, दारू तर नाही?"

"पाणी. बंधाऱ्यातलंच."

कॅन अर्धाच होता, पाणी गढूळ. उरलेल्या वाळूत खोल खणून सकाळभर वाटी-वाटीनं भरलेलं. म्हाताऱ्यानं पुकारा केला, पण कोणी बोली लावेना. बायका कपड्यांच्या टोकांशी चाळा करत बसल्या. शेवटी लाज राखायला पाद्रीबाबांनीच बोली लावली आणि रिवाजाप्रमाणे कॅन देणारीलाच परत देऊ लागले, "आशीर्वाद म्हणून तूच ने."

"मला नको. विकत घेतलंत ना? प्या."

"मुतुआची आई!" मागून कोणीतरी दटावलं.

"का? आम्ही तेच पिणार आहोत. आमच्या गुरांनाही तेच. प्या ना!"

सगळं चर्च बघत होतं. पाद्रीबाबांनी कॅन तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि खोकले. दातांखाली वाळू करकरली असावी. दुसरा घोट काही त्यांना घेववला नाही.

काटुंगे उठली. बाहेर जाऊन तिनं ढिगातली वाळू घमेल्यात भरली आणि नदीची वाट धरली. मग आणखी एक बाई उठली, आणि तिच्यामागून बाकीच्या. रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांवर वाळू सांडत होती. पाद्रीबाबा दारात उभे होते. त्यांनी कोणाला अडवलं नाही.

"शाब्बास म्हणशील की नाही आता?" काटुंगेनं विचारलं.

"शाब्बास कसली? आधी द्यायची कशाला?"

ढीग उतरत चालला. स्योंबुआ मात्र अर्धवट उभ्या भिंतीपाशी जाऊन थांबली. ओल्या सिमेंटचा वास येत होता. तिनं भिंतीवर हाताची जोरात थाप मारली.

"आणि ही? या भिंतीत आमचा सप्टेंबर गेलाय. तो कोण परत आणणार?"

तिनं घमेलं उचललं आणि ती बायकांवर ओरडत नदीकडे निघाली, "बंधाऱ्याला लागून टाका! वर टाकाल तर वाऱ्यानं जाईल!"