अक्काची सही आणि निंबावरचा झोका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अक्काने धरणगावच्या शेतातला हक्क राजीखुशीने सोडला, असं सगळे समजतात. गेल्या महिन्यात भाचीचा, मीराचा फोन आला, "मामा, आई गेली..." नंतर अक्काच्या पिंप्राळ्याच्या घरी भेटायला आलेला जो तो म्हणत होता, "भावासाठी केवढं मोठं मन!" मी खाली मान घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटलं.

अक्का, माझी थोरली बहीण, जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्यांवर तिचा जीव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका खेळायला माहेरी आली की आईला सांगत बसायची... तिकडे लग्न लागलं की बाईचं घरदार नवऱ्याचं, तिने लिहिलेल्या पुस्तकाची कमाईही त्याचीच. आई विचारायची, "मंग ती राणी काय करी ऱ्हायंती, माय?" अक्का खळखळून हसायची.

आबा, आमचे वडील, गेले, हक्कसोडीचे कागद तयार झाले. आमच्याकडे बहिणीने सही करायची, भावाने साडी द्यायची, हा रिवाजच. अक्काने पेन खाली ठेवलं. तिच्या वाट्याच्या आधारावर तिला बिनपगारी रजा घेऊन त्या कादंबऱ्यांतल्या बायकांवर पुस्तक लिहायचं होतं. मी तिला ओसरीवर नेलं आणि हळूच म्हणालो, "अक्का, सही करी टाक. नही त आखाजीले माहेरले कशी येशी?"

ती आत गेली, सही केली आणि सगळेच कागद माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाली, "बठ्ठं तुनंच शे, भाऊ. झोका तेवढा ठेव."

पुढे एकदा तिच्या व्याख्यानाला गेलो होतो. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडच्या बायकांचं काय?" अक्काने मागच्या रांगेत मला पाहिलं. "आपल्याकडे कायदा आहे," ती म्हणाली, "आणि भाऊ आहेत." सभागृह हसलं. मीही हसलो... टोमणा फक्त मला कळला होता.

आखाजीला ती दरवर्षी आली. साठी उलटली तरी शेतातल्या निंबावर झोका घ्यायची, पदर खोचून. पुस्तकाचं मी कधी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. ते लिहून झालंच नाही.

झोका अजून तिथेच आहे. काल दोर बदलायला गेलो, तर फळीवर तिच्या बसण्याने गुळगुळीत झालेली जागा हाताला लागली. निम्मं शेत अक्काचं आहे, ते मला मीराच्या नावावर करून द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही. पुस्तकाचंही देणं माझ्याकडेच लागतं. ते फेडता येणार नाही.