उंबऱ्यावर बसणाऱ्या आशाताई

आमच्या खराडीच्या वस्तीत आरोग्याची चौकशी करायला येणाऱ्या आशाताईंचं खरं नाव मला माहीत नाही. त्या दारात कधी उभ्या राहत नाहीत. सरळ उंबऱ्यावर बसतात.

शेजारच्या यवतमाळच्या वहिनींना आठवा महिना होता. उशिरा नाव नोंदवलं म्हणून दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलणी खाल्ल्यापासून त्या तपासणीला जात नव्हत्या. त्या दिवशीही ताई दिसताच त्या पडद्यामागे गेल्या. ताई उंबऱ्यावर वहिनींच्या सासूबाईंजवळ बसून मेथी निवडू लागल्या. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही.

मी आमच्या दारात उभा होतो, मला राहवलं नाही. "ताई, तपासायला आलात की भाजी निवडायला?"

"कॉलेजात मेथी शिकवत नाहीत वाटतं? घे एक जुडी." मग हळूच म्हणाल्या, "उभ्या माणसाला लोक उत्तरं देतात रे. बसलेल्याशी बोलतात."

मेथी संपत आली तेव्हा पडद्यामागून वहिनी म्हणाल्या, "ताई, पाय लय सुजले वो माहे. डोक्सं बी दुखते."

ताई लगेच उठल्या. "चल, आत्ताच जाऊ. मी शेजारीच थांबेन. कोणी बोललंच तर आधी मला बोलेल."

दोघी हात धरून निघाल्या. दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. तो वहिनींना इतके दिवस एवढा लांब का होता, हे मला तेव्हा थोडंसं कळलं असावं.