उंबऱ्यापासून चार हात

मल्लप्पा गेल्याचं मला सात रस्त्याच्या चौकात, न्हाव्यापुढं बसलो असताना कळलं. अर्धी दाढी झाली होती. शेजारी गिरणीतला एक जुना पहारेकरी बसला होता, तो म्हणाला, "जमादार, आपला सुंदरीवाला मल्लप्पा गेला की हो. परवा. तापानं." मी "अरेरे" म्हणालो. पण खरं सांगू? त्या क्षणी मला दुःख झालं नाही. सुटलो, असं वाटलं मला! जी गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती, त्यातला एक गेला... आज सहा आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे ते त्या एका शब्दाची लाज वाटते म्हणून.

मल्लप्पा आमच्या गिरणीत गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होता. भवानी पेठेत घर, घरात कानडी, दारात मराठी, आणि तोंडात कायम पान. देवळात तो सुंदरी वाजवायचा. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. असते वीतभर, पण आवाज असा की पाणी भरायला निघालेली बाई घागर घेऊन तशीच उभी राहील. मी पहारेकऱ्यांचा जमादार, पलटणीतून आलेला, मिशा पिळणारा, तोंडाचा फटकळ. "काय रे मल्लप्पा, पहारा देतोस की लग्न लावतोस?" असं येताजाता टोचायचो. तो हसायचा. "लागलं तर तुमचंच लावतो की, जमादार." माझं होऊन दहा वर्षं झाली होती, तीन पोरं होती.

एके वर्षी मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं की कापसाच्या गोदामावर कुत्री ठेवावीत. मोहोळकडच्या खेड्यांतून सहा कारवानी कुत्री आणली आणि त्यांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लांब पायांची, सडपातळ, वाऱ्यासारखी जनावरं. वास काढायला हुशार, हुकूम पाळायला हुशार, पण गिरणीचा भोंगा झाला की सगळं मुसळ केरात! भिंतीला अंग घासायची, साखळी चावायची, तोंडाला फेस यायचा. त्यात तांबी नावाची एक कुत्री होती, ती तर भोंग्यानंतर दिवसभर अन्नाला तोंड लावत नसे. मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिली, आणि आता लपवून काय करायचं, छडीही मारून पाहिली.

मल्लप्पानं हे फाटकावरून बघितलं असणार. एक दिवस तो आपणहून आला, कुत्र्यांकडे पाठ करून बसला आणि सुंदरी वाजवायला लागला. भोंग्याची वेळ नव्हती. वाजवता वाजवता भाकरीचे तुकडे मागं टाकायचा, वळून बघायचा नाही. दहा-पंधरा दिवस हेच. मग सूर लागला की कुत्री अंग सैल सोडून आडवी व्हायला लागली. तांबी तर त्याच्या पाठीला पाठ लावून झोपायची. पुढं त्यानं कुत्री गिरणीपासून पार लांब, भोंगा जेमतेम ऐकू येईल अशा माळावर नेली आणि तिथं वाजवलं. कान हलले, पण कुणी उठलं नाही. मग रोज थोडं जवळ. मी थक्क झालो, आणि साहेबांना जाऊन सांगितलं, की मी एक नवी युक्ती काढली आहे. "मी" म्हणालो. पापाची सुरुवात तिथं झाली.

साहेबांनी लगेच मालकांना ते बघायला बोलावलं. नऊ दिवसांनी येणार! मल्लप्पा दिवाळीपर्यंतची मुदत मागत होता.

"जमादार, घाई नगा करू. सूर भाकरीला बांधलाय मी. भोंग्याला बांधला तर तांबीला सुराचंच भ्या वाटंल की. मग माज्या हातात काय ऱ्हातंय?"

"तू मला शिकवू नकोस. पलटणीत घोडी सांभाळलीत मी."

"मानूस दोनदा फसंल वो. जनावर न्हाय."

मी ऐकलं नाही. आठ दिवस, दिवसातून जितक्या वेळा भोंगा व्हायचा तितक्या वेळा, सहाही कुत्री थेट भोंग्याखाली बांधली आणि मल्लप्पाला वाजवायला लावलं. तो सुंदरी ओठाला लावायचा आणि लगेच डोक्यावर भोंगा! चौथ्या दिवशी म्हणाला, "माज्यानं हुईना." मी म्हणालो, "मग फाटकावर दुसरा माणूस बघू का?" त्यानं सुंदरी परत ओठाला लावली.

मालक आले, खुर्च्यांवर बसले. मल्लप्पानं पहिला सूर काढला. भोंगा अजून व्हायचा होता... पण नुसत्या सुरानं तांबी जमिनीला चिकटली, थरथरली, बसल्या जागी मुतली. बाकीच्यांच्या साखळ्या एकमेकीत गुंतल्या, एकानं पळताना मालकांच्या धोतराचा सोगा फाडला. साहेब लालबुंद होऊन माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "साहेब, याच्या वाजवण्यानंच कुत्री बिथरली." पुढं तसं लिहूनही दिलं. म्हटलं तर शब्द खरे होते, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. मल्लप्पा समोर उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. बस्स.

त्याला काढलं. पाच कुत्री खेड्यात परत गेली. भित्री तांबी कुणी घेईना, तर तिला तो दोरी धरून घरी घेऊन गेला. पुढं चार वर्षं मी भवानी पेठेची वाट टाळली. एकदा बाजारात समोरासमोर गाठ पडलीच. माझी पोरं कशी आहेत, हेच त्यानं आधी विचारलं. "तांबी बरी हाय. या की एकदा घरला." येतो म्हणालो. गेलो नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

गेलो ते तो वारल्यावर. त्याची बायको गंगव्वा दारात बसली होती. उंबऱ्याशी तांबी, तोंड पांढरं झालेलं. माझा हात हुंगून तिनं मान फिरवली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, चूक माझी होती. त्याची नव्हती."

"ठाव हाय की."

"तो बोलला होता?"

"बोलायचं काय त्यात? म्हनायचे, तांबीला भोंग्याचं भ्या, जमादाराला मालकाचं. भ्यालेल्याला काय मारायचं?"

मला चपराक बसली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं मला परसात नेलं. तांबी मागोमाग येऊन परसदाराच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, भोंगा हितं रोज ऐकू येतो, त्याचं तांबीला आता काही नाही. पण सुंदरी दिसली तरी ती चुलीमागं शिरायची. म्हणून त्यांनी घरात वाजवणंच सोडलं, सराव देवळात. घरी फक्त रोज दिवस मावळायच्या आधी, परसाच्या पार टोकाला, विहिरीपाशी पाट टाकून बसायचं, एकच सूर लावायचा, भाकरी टाकायची आणि उठायचं. उंबऱ्यावरची तांबी थरथरली नाही तर काही दिवसांनी पाट उंबऱ्याकडं एक हात पुढं. थरथरली की दोन हात मागं. "मागल्या पावसाळ्यात पार हिरीपाशी गेलं हुतं परत," गंगव्वा म्हणाली, "चार वर्सं बगा. मी म्हनायची, म्हातारी झाली कुत्री, कशापायी? तर म्हनायचे, तिचा सूर माज्या हातनं नासला, मीच परत दिला पायजे."

त्याच्या हातून नासला, म्हणायचा तो!

पाट अजून तिथंच होता, उंबऱ्यापासून चार हातांवर. तिनं हलवला नव्हता. आम्ही बोलत असताना दिवस कलला, तशी तांबी उंबऱ्यावरून उठली, सावकाश चालत गेली आणि पाटाला पाठ लावून पडली.

"ते गेल्यापासनं रोज जाती," गंगव्वा म्हणाली. "आता जाती."

मग तिला माझ्याकडं बघवेना बहुतेक. म्हणाली, "बसा की, जमादार. उबं का?" परसात बसायला तेवढा एक पाटच होता. मी उभाच राहिलो.