कटबाई आणि परदेशातलं बक्षीस

आमच्या शूटिंगमध्ये 'कट' मी म्हणतो, असा माझा समज होता. चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या एका गावात एका बाईनं तो पहिल्याच दिवशी मोडला. आपलं बोलून झालं असं वाटलं की ती स्वतःच "कट" म्हणे आणि पदर सावरून उठे. कॅमेरामन निमूट कॅमेरा बंद करी. एकदा सरपंचांचं बोलणं फारच लांबलं, तेव्हाही तिनं मागून "कट" म्हटलं, आणि सरपंच खरोखर थांबले. तेव्हापासून ती आमची कटबाई.

रानात ती वाघाचं नाव घेत नसे आणि घरात नवऱ्याचं. दोघांनाही 'तो' म्हणे. "तो नाल्यावर बसून राह्यते," असं ती म्हणाली की आमची माणसं आधी मागं बघत आणि मग विचारत, कोणता? ज्याचा धाक वाटते तो, असं म्हणून ती बिडी ओढणाऱ्या नवऱ्याकडे डोळे बारीक करून बघे. नवरा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणत असू, मुकाट्यानं बिडी विझवी.

कार्यक्रम वाघाच्या हल्ल्यात माणसं गेलेल्या घरांवर होता. तिच्या दिराला, सुखदेवला, मोहफुलं वेचताना वाघानं नेलं होतं. सुखदेवची बायको, म्हणजे तिची धाकटी जाऊ, कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. मी आग्रह धरला तशी कटबाई मध्ये उभी राहिली. "तिचं रडनं तिच्यापाशी राहू द्या जी. काय सांगाचं ते मी सांगतो." मग ती चुलीपुढं बसून सांगू लागली. लाकडं ओली होती. धुरानं तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. उजेड कमी पडत होता म्हणून भाऊच थर्माकोल धरून दारातलं ऊन तिच्या तोंडावर पाडत होते.

एडिटिंगला बसल्यावर त्या डोळ्यांखाली मी पट्टी टाकली : 'वाघाच्या हल्ल्यात पती गमावलेली महिला.' मला विधवा हवी होती आणि खरी विधवा तोंड दाखवत नव्हती. वाहिनीनं कार्यक्रम परदेशातल्या एका महोत्सवात पाठवला. सामाजिक भान जागवणाऱ्या कार्यक्रमांत तो पहिला आला. परीक्षक त्या डोळ्यांबद्दलच बोलले. उसन्या कोटात मी बक्षीस घेतलं आणि 'त्या दुःखी माउली'चे आभार मानले. माउलीचे यजमान तेव्हा इकडे धानाच्या बांधीत चिखल तुडवत असतील.

चंद्रपुरात माझा सत्कार ठरला. संयोजकांनी तिलाही बोलावलं. गाव लांब आहे, ऊन फार आहे, बाई संकोची आहेत, असं मी काय काय सांगून पाहिलं. कटबाई आणि संकोची! ती एसटीनं आली, आणि भाऊंना नवं धोतर नेसवून सोबत घेऊन आली. कार्यक्रम गावानं कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिला होता. स्टेजमागं तिनं मला निरखलं.

"काऊन जी साहेब, घामानं भिजून राह्यले?"

मी भाऊंची माफी मागू लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. मेल्याची बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढते, म्हणाली. याले आता यमबी इचारत नाई, मलेच निस्तरा लागंन. मग तिचा आवाज उतरला.

"पन सुखदेव खराच गेला, साहेब. तुमच्या पिच्चरमधी त्याचं नावबी नाई. त्याच्या बायकोनं काय समजाचं?"

निवेदकानं 'पती गमावूनही' अशी तिची ओळख सुरू केली. तिनं त्याच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाली, माहा बुढा समोरच बसला आहे, उठा ना जी, दिसू द्या लोकाईले. भाऊ उठले, चारी दिशांना हात जोडले आणि मेल्या माणसाला शोभणार नाही इतके लाजले. सभागृह हसून लोळलं.

"गेला तो माहा देर. सुखदेव."

नाव तिनं पुन्हा एकदा घेतलं. हसू थांबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेबाची गलती नाई. चुलीचा धूर गंज होता, समदं घर भरलं होतं. त्यात कोन कोनाची बायको, दिसलं नसंन त्याइले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती धुराची सबब मी पुढं कितीतरी वर्षं पांघरली. मुलाखतींत गमतीचा किस्सा म्हणून सांगितली, वर मीठमसाला लावून.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. साधा ताप आला, एवढंच. तेरवीला गेलो तेव्हा भाऊ भिंतीला टेकून बसले होते. पंगत उठल्यावर मी धाकट्या जावेपुढं जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. धुराचं खोटं होतं. मला सगळं दिसत होतं. तिच्या धन्याचं मरण मी दुसऱ्याच्या नावावर लावलं, आणि तसं केल्यावर कार्यक्रम वजनदार होईल हे मला ठाऊक होतं. तिचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. ती पत्रावळी गोळा करत राहिली.

"मोठ्या बाईले तवाच मालूम होतं," ती म्हणाली. "मी भांडली तिच्यासंग, का चार लोकाईत खरं काऊन नाई सांगतलं. तं म्हने, उंच चढलेल्या मानसाले ढकलू नोको. उतरंल तो आपल्या मनानं."

तिनं पत्रावळींचा ढीग काखेला मारला.

"बहुत दिवस लावले जी तुमी."