किटलीतली साखर

चहा आला की शिकलगार सरांचा जीव खालीवर व्हायचा. किटलीचं झाकण उघडून ते चहावाल्याला आधी विचारायचे, "साखर आत घातली न्हाईस न्हवं?" घातली असेल तर अख्खी किटली परत. साखर ज्याच्या त्याच्या कपात, हा त्यांचा हट्ट. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. राजारामपुरीतल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही त्यांना मागून हसायचो.

पण प्रोग्रॅमिंगमधलं ऑब्जेक्ट म्हणजे काय, ते मला त्या किटलीनंच कळलं. सर म्हणायचे, "प्रोग्रॅममधला क्लास म्हंजे साचा. त्यातनं हवी तेवढी ऑब्जेक्टं, म्हंजे एकेक वस्तू, काढ. पर प्रत्येकाची माहिती त्याच्यापाशीच ठेव. साच्याला चिकटवलीस तर किटलीत साखर घातल्यागत हुईल बघ. एकासाठी घातलेली सगळ्यांच्या घशात!"

एका दवाखान्यासाठी सर पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहीत होते, मी मदतीला. सोमवारी तो सुरू व्हायचा होता आणि त्याच आठवड्यात सरांच्या पत्नीचं, भाभींचं, तिथंच ऑपरेशन होतं. भाभींना पेनिसिलिन चालत नसे. पूर्वी एकदा त्या इंजेक्शनानं त्या मरता मरता वाचल्या होत्या. शनिवारी सरांनी चाचणीला भाभींचंच नाव घातलं. पेनिसिलिन: चालत नाही. मग दुसरा पेशंट घातला. चालतं. पुन्हा भाभींची नोंद काढली, तर पडद्यावर आलं: चालतं.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "किटलीतच घातलंय की गं मी," ते कसंबसं म्हणाले. पेनिसिलिनची माहिती पेशंटच्या साच्यातच राहिली होती. नवा पेशंट आला की आधीच्या सगळ्यांची बदलत होती. प्रत्येक पेशंट तयार होतानाच ती त्याच्याशी बांधायची, दुरुस्ती एवढीशीच. ती झाल्यावरही सर नवनवी नावं घालत आणि दर वेळी भाभींची नोंद काढून बघत.

ऑपरेशन नीट पार पडलं. तरी नर्स सुई घेऊन आली की सर आडवे यायचे: "बाई, पेनिसिलिन न्हाय न्हवं?"

"सर, प्रोग्रॅम आता बरोबर आहे. भरवसा नाही का?" मी विचारलं.

"त्याच्यावर हाय की. माझ्यावर न्हाय."

पुढे बऱ्याच वर्षांनी सर गेले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी त्यांच्या घरी गेले. माणसांनी घर भरलं होतं, पण चहा बिनसाखरेचाच होता. साखरेचं भांडं घेऊन भाभी एकेकापाशी थांबत होत्या. माझ्यापाशी आल्या, चमचा उचलला आणि म्हणाल्या, "तुझी किती गं?"

मला रडूच फुटलं.