राणीच्या हातातला झाडू

टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायची माझी नोकरी. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडतं आणि हळूहळू नाक खुपसायची सवय लागते. आमचे हे म्हणतात, "सुनंदा, तुला नसत्या चौकशा फार!" आहेतच. त्या नसत्या, तर १९८३ साली अंधेरीच्या आमच्या कॉलनीतल्या राममंदिरात झाडलोट करणाऱ्या उत्तराबाईंकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

साठी उलटलेली बाई, अंगावर फिकं सुती लुगडं. मंदिरामागच्या खोलीत राहायच्या. अंगण झाडायच्या, समया घासायच्या, वाती वळायच्या. काम मन लावून करायच्या, पण हाताला वळण म्हणून नव्हतं. झाडू धरायच्या तो पेन धरल्यासारखा. फरशी पुसली की निम्मं पाणी तिथंच. आणि बोलणं इतकं अदबीचं, की भाजीवाल्यालासुद्धा "अहो, आपण". मला काही चैन पडेना. बाई गरिबाघरची म्हणावी, तर साधा झाडू धरता येत नाही. आणि श्रीमंताघरची म्हणावी, तर इथे काय करतेय? विचारलं की म्हणायच्या, "गावाकडची आहे. देवाची सेवा करायची होती." पुढे तोंडाला कुलूप.

संक्रांतीनंतर उलगडा झाला. औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेल्या मुलाकडे आलेला एक फेटेवाला म्हातारा दर्शनाला आला. उत्तराबाई पायऱ्या पुसत होत्या. म्हातारा थबकला, त्यानं चपला काढल्या आणि कमरेत वाकून मुजरा केला. एकदा नाही, तीनदा. बाईंनी "तुमची काहीतरी चूक होतेय" एवढं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण मुजरा आला की तो घ्यायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. हातातलं फडकं गळून पडलं, पाठ ताठ झाली, हात छातीशी गेला आणि मान किंचित झुकली. भर आरतीची वेळ, कॉलनीतल्या सगळ्या बायका हजर. म्हातारा रडत म्हणाला, "आईसाहेब, आपण? आणि इथं?"

झालं! करंजगड नावाच्या चिमुकल्या संस्थानाच्या त्या राणीसाहेब निघाल्या.

मंदिराचे अध्यक्ष श्यामसुंदरराव तर हरखूनच गेले. त्यांनी सगळ्यात आधी बाईंच्या हातातला झाडू काढून घेतला. मग सभामंडपात खुर्ची आली, खुर्चीवर मखमली गादी आली. आधी रामाला नमस्कार करायचा की राणीला, असा बायकांपुढे पेच. बहुतेक जणी राणीलाच करायच्या, कारण राम काही "कशा आहात?" म्हणून विचारत नाही. बाई समईला हात लावायला उठल्या की चार जणी धावायच्या, "अय्या, तुम्ही कशाला? आम्ही आहोत ना!" दिवसेंदिवस बाईंचा चेहरा उतरत चालला.

मला राहवेना. एका दुपारी त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, "एवढा राजवाडा सोडून तुम्हाला झाडूच का हवा?"

त्या म्हणाल्या, "लहानपणी मी देवघरात चंदन उगाळायला बसले होते. दासीनं खोड काढून घेतलं. लग्न झालं, सासरीही तेच. फुलं एकीनं खुडायची, हार दुसरीनं करायचा, मी नुसता हात लावायचा, की झाली माझी पूजा. मालक गेले, तनखे गेले. वाटलं, आता तरी देवाचं काम माझ्या हातून होईल. संस्थानातल्या देवळात गेले, तर पुजारी पाया पडायला लागला. म्हणून जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं आले. तर इथंही देवाच्या आणि माझ्यामध्ये ती खुर्ची येऊन बसली." डोळे पुसत त्यांनी विचारलं, "माझे दिवस आता थोडे राहिलेत, सुनंदाबाई. कुठं जाऊ?"

मला फार वाईट वाटलं.

रामनवमी तोंडावर आली आणि एका सकाळी खोली रिकामी. श्यामसुंदररावांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण पत्रिकेत त्यांनी 'राणीसाहेबांच्या हस्ते आरती' असं छापून घेतलं होतं. मी शोध सुरू केला. चौकशीत माझा हात कोण धरणार! पण पत्ता अगदी दारातच मिळाला. आमच्याकडे मासे घेऊन येणारी सरूबाई म्हणाली, "ती म्हातारी? आमचे गावदेवीला हाय. काम मागाया आली, म्हटला कर."

मी आणि श्यामसुंदरराव खाडीकडच्या कोळीवाड्यात गेलो. गावदेवीच्या जत्रेसाठी देवळामागे मोठाले टोप घासायला काढले होते. उत्तराबाई मातीत उकिडव्या बसलेल्या, हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. कमरेवर हात ठेवून सरूबाई त्यांच्यापुढे उभी.

"अगो बाय, बूड कालाच हाय अजून! परत घास यो टोप."

श्यामसुंदररावांना घाम फुटला. मी सरूबाईला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "अगं, त्या कोण आहेत ठाऊक आहे ना तुला?"

"ठाव हाय. रानी हाय. मंग? टोप काय मुजरा करून साफ व्हतात?"

श्यामसुंदरराव हात जोडून पुढे झाले. "राणीसाहेब, चलावं. सगळे आपली वाट बघताहेत."

उत्तराबाईंनी मान वर केली. कपाळावर राख, पदर खोचलेला, आणि इतक्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी श्यामसुंदररावांकडे पाहिलं, मग सरूबाईकडे.

"जाऊ का?"

"टोप झाला?"

"नाही."

"मंग इचारतंस काय?"

उत्तराबाईंनी काथ्या पुन्हा राखेत बुडवला आणि श्यामसुंदररावांना म्हणाल्या, "ऐकलंत ना? मला नाही येता यायचं."